सॅक्सोफोन आणि पियानोसाठी मिनिमलिस्ट रचना: आराखड्यापासून तालमीपर्यंत

आल्टो सॅक्सोफोन आणि पियानो या जोडीसाठी मिनिमलिस्ट पद्धतीची, म्हणजे थोड्याच स्वरांची छोटी आकृती पुन्हा पुन्हा वाजवत ती हळूहळू बदलत नेणारी, रचना करू पाहणारे बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये दोन बारचा एक आकर्षक तुकडा लिहिला जातो, तो तीस-चाळीस वेळा चिकटवला जातो, प्लेबॅकमध्ये झकास वाजतो, आणि त्यानंतर कुठे काय बदलावे याचा शोध सुरू होतो. पहिल्याच तालमीत सॅक्सोफोनवादकाला श्वास घ्यायला जागा सापडत नाही, पियानोच्या पेडलमध्ये सगळे स्वर एकमेकांत कालवले जातात, आणि तिसऱ्या मिनिटाला कितवे आवर्तन चालू आहे हे दोघेही विसरतात. रचनाकार दोष वादकांना देतो. बहुतेक वेळा तो कागदाचा असतो.

या शैलीत साहित्य थोडे असते, म्हणून योजना जास्त लागते. काय बदलणार, किती वेळाने बदलणार आणि तो बदल कोणाच्या हातून होणार हे आधी ठरवायचे आणि स्वर त्यानंतर निवडायचे. ही योजना दोन मापांनी मोजावी लागते: सॅक्सोफोनवादकाचा श्वास आणि पियानोचा विरत जाणारा नाद. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम मोडू नये, कारण प्रत्येक टप्प्यातला निर्णय त्याआधीच्या टप्प्यातल्या आकड्यांवर उभा आहे. वाचकाला स्टाफ नोटेशन वाचता येते असे गृहीत धरले आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. त्याची लय क्वार्टर नोटला १२० अशी आहे. या लयीत एट्थ नोट पाव सेकंदाची होते, आणि लेखात जिथे ‘मात्रा’ म्हटले आहे तिथे हीच पाव सेकंदाची एट्थ नोट समजावी.

१. वाद्याचा आवाका कागदावर मांडा

आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटमध्ये आहे. वादक जो स्वर वाचतो त्याच्या एक मेजर सिक्स्थ खालचा स्वर कानावर पडतो. म्हणजे कागदावर सी असेल तर ऐकू येतो तो त्याखालचा ई फ्लॅट. लेखी आवाका स्टाफखालच्या बी फ्लॅटपासून वरच्या तीन लेजर लाइन्सच्या पलीकडच्या एफपर्यंत असतो, आणि आजच्या बहुतेक वाद्यांवर एफ शार्पपर्यंत. ऐकू येणारा आवाका त्यामुळे मधल्या सीखालच्या डी फ्लॅटपासून मधल्या सीच्या वरच्या दुसऱ्या सप्तकातल्या ए फ्लॅट किंवा ए पर्यंत जातो.

हा आवाका सगळीकडे सारखा नाही, आणि एकच आकृती शंभर वेळा वाजवायची असते तेव्हा हा असमानपणा फार महत्त्वाचा ठरतो. तीन जागा आधीच खुणा करून ठेवाव्यात. पहिली जागा म्हणजे तळ: लेखी सी शार्प, सी, बी आणि बी फ्लॅट हे स्वर शांततेतून हळुवार उमटवणे अवघड असते, आणि यातल्या सी शार्प, बी व बी फ्लॅट या तिघांमध्ये डाव्या करंगळीला घसरत जावे लागते. दुसरी जागा म्हणजे माथा: लेखी वरच्या डीपासून पुढे तळहाताच्या कडेने दाबायच्या कळा सुरू होतात, तिथे झपाट्याच्या आवर्ती आकृती हाताला कडक करतात. तिसरी जागा सर्वात फसवी आहे. स्टाफमधला लेखी सी शार्प जवळजवळ सगळ्या कळा मोकळ्या ठेवून वाजतो आणि त्याच्या लगेच वरचा डी ऑक्टेव्ह कीसह (स्वर एक सप्तक वर नेणारी कळ) सर्व बोटे दाबून. ऐकू येणाऱ्या स्वरांत हा सांधा मधल्या सीच्या वरच्या ई आणि एफ यांच्यामध्ये पडतो. पियानोवर हीच जागा सर्वात सोपी असल्याने पियानोवर बसून रचना करणाऱ्याची आवडती आकृती नेमकी या सांध्यावर येरझारा घालते. एकदा-दोनदा ओलांडायला काही हरकत नाही. सलग दोन मिनिटे ओलांडत राहिले की बोटे आणि नाद दोन्ही खडबडीत होतात.

उदाहरणासाठी आपण ऐकू येणारे पाच स्वर घेऊ: मधल्या सीच्या वरचे एफ, जी, ए आणि त्यापुढचे सी, डी. वादकाच्या कागदावर ते डी, ई, एफ शार्प, ए, बी असे दिसतील. सगळे स्वर सांध्याच्या वरच्या बाजूला आहेत आणि ऑक्टेव्ह की सतत दाबलेलीच राहते.

पडताळणी: निवडलेले स्वर ऐकू येणाऱ्या आणि लेखी अशा दोन्ही रूपांत शेजारी शेजारी लिहून काढा. लेखी स्तंभात सी किंवा सी शार्प आणि त्याच्या वरचा डी लागोपाठ येत असतील तर सगळी आकृती एखाद-दुसऱ्या स्वराने सरकवून पाहा. टेनर किंवा सोप्रानो वापरणार असाल तर हा तक्ता नव्याने करावा लागतो, कारण ती दोन्ही वाद्ये बी फ्लॅटमध्ये आहेत आणि हाच सांधा कानाला वेगळ्या जागी येतो.

२. श्वासाचा हिशेब

मधल्या पट्ट्यात, मध्यम आवाजात, तयार वादक आठ ते दहा सेकंदांचे वाक्य निर्धास्तपणे वाजवतो. त्याहून जास्त वेळही तो टिकेल, पण रचना त्या भरवशावर उभी करू नये. आपल्या लयीत दहा सेकंद म्हणजे चाळीस मात्रा. घाईचा श्वास घ्यायला सुमारे अर्धा सेकंद, म्हणजे दोन मात्रा लागतात. तीन मात्रा दिल्या तर वाक्याची पुढची सुरुवात नीटनेटकी होते. नाकाने हवा घेत गालातल्या हवेवर वाद्य चालू ठेवण्याची चक्राकार श्वासाची पद्धत काही वादकांना येते. ती येणारा ठरावीक वादक समोर नसेल तर तिची अपेक्षा ठेवून लिहू नये.

श्वासाची जागा आकृती पूर्ण झाल्यावर शोधण्याऐवजी आकृतीतच बांधावी. त्याचे सर्वात सरळ रूप असे: आठ मात्रांच्या आकृतीतली आठवी मात्रा रिकामी ठेवायची आणि दर चौथ्या आवर्तनात सहावी व सातवी मात्राही गाळायची. त्यामुळे दर आठ सेकंदांनी तीन मात्रांची मोकळीक मिळते, आणि श्रोत्याला ती गाळलेली जागा आकृतीचाच भाग वाटते, कारण ती नियमाने येते.

सावधान: उलट चूकही तितकीच वाईट. प्रत्येक आवर्तनात छोटी विश्रांती असेल तर वादक सवयीने प्रत्येक वेळी थोडा श्वास घेतो, आधीची हवा पूर्ण बाहेर पडलेली नसते, आणि मिनिटाभरात छाती भरलेली असूनही तो घुसमटतो. श्वास कोणत्या विश्रांतीत घ्यायचा हे वादकाच्या भागात, म्हणजे त्याच्या स्वतंत्र कागदावर, स्वल्पविरामाच्या खुणेने लिहून द्यावे आणि बाकीच्या विश्रांती कोऱ्या ठेवाव्यात.

टंगिंगचाही, म्हणजे जिभेने प्रत्येक स्वर सुटा करण्याचाही, याच ठिकाणी विचार करावा. मात्रेला एक स्वर, म्हणजे सेकंदाला चार, ही गती जिभेला सोपी आहे. सिक्स्टीन्थ नोट्स घेतल्या की सेकंदाला आठ होतात. थोडा वेळ ते शक्य आहे, पण सलग दोन-तीन मिनिटे मागणे अवाजवी आहे. तिथे दोन-दोन किंवा तीन-तीन स्वरांचे स्लर (जीभ न लावता जोडलेले स्वर) लिहावेत आणि त्यांची वाटणी बदलत ठेवावी. एकही स्वर न बदलता आकृतीचा वजनाचा ठोका बदलण्याचा तो सर्वात स्वस्त मार्ग आहे, आणि नवखे रचनाकार तो सहसा वापरतच नाहीत.

३. पियानोचा विरणारा नाद आणि पेडल

पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून क्षीण होत जातो; सॅक्सोफोनचा स्वर वादक वाढवू शकतो. लांब स्वरांची जबाबदारी म्हणून सॅक्सोफोनकडे आणि सातत्याची जबाबदारी पियानोच्या पुनरावृत्तीकडे द्यावी. पियानोने कॉर्ड धरून ठेवायचा आणि सॅक्सोफोनने झपाट्याची आकृती तासत राहायचे ही उलटी वाटणी थोडा वेळ चालते, पण आठ-दहा सेकंदांनी पियानो ऐकूच येईनासा होतो.

नाद धरून ठेवणाऱ्या पेडलबाबत ‘भरपूर पेडल’ एवढी सूचना पुरेशी नाही. पाच स्वरांच्या, सेमिटोन नसलेल्या संचात पेडल लांब धरता येते. संचात ई आणि एफ असे शेजारी आले की तेच पेडल चिखल करते. पेडल कधी बदलायचे हे आकृतीशी बांधावे. आपल्या उदाहरणात पियानोची आकृती आठ मात्रांची, म्हणजे ४/४ चा नेमका एक बार आहे, म्हणून दर तीन बारने, सहा सेकंदांनी, डावा हात खर्जाचा स्वर पुन्हा वाजवील आणि त्याच क्षणी पेडल बदलेल. पेडल दाबलेले असताना सॅक्सोफोनच्या स्वरांनी पियानोच्या तारा आपोआप घुमतात. हा परिणाम हवा असेल तर वादकाला पियानोच्या उघड्या झाकणाकडे तोंड करून उभे करावे, आणि घुमारा ऐकू यावा म्हणून त्यानंतर दोन-तीन सेकंदांची खरी शांतता लिहावी.

पियानोच्या एकाच पट्टीवर झपाट्याने वारंवार आघात करायचे असतील तर कोणता पियानो मिळणार हे आधी विचारावे. ग्रँड पियानोत कळ पूर्ण वर न येताही पुन्हा आघात करता येतो. अपराइटची, म्हणजे उभ्या पियानोची, यंत्रणा तेवढी चपळ नसते. सरावाची खोली आणि सभागृह यांत वेगवेगळे पियानो असतील तर अपराइटला झेपेल तेच लिहिणे शहाणपणाचे.

४. बदलाची प्रक्रिया निवडा

इथे सर्वात जास्त वेळ द्यावा. मिनिमलिस्ट तंत्रे पुष्कळ आहेत, पण या दोन वाद्यांच्या जोडीला ती सारखीच मानवतात असे नाही.

फेज, म्हणजे एकाच आकृतीच्या दोन प्रतींपैकी एक किंचित पुढे सरकवत नेणे, हे तंत्र सर्वांना प्रथम आठवते आणि सर्वांत जास्त चुकते. अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइश यांच्या ‘पियानो फेज’ या १९६७ च्या रचनेत दोन पियानो आहेत. १९६६ च्या ‘रीड फेज’मध्ये सोप्रानो सॅक्सोफोन स्वतःच्याच ध्वनिमुद्रणासोबत वाजतो. दोन्ही ठिकाणी नादाची जात एकच असल्यामुळे कान दोन प्रवाह वेगळे करू शकत नाही आणि त्यांच्या मिश्रणातून कोणीच न वाजवलेल्या नव्या आकृती ऐकू येतात. सॅक्सोफोन आणि पियानो यांच्यात असे घडत नाही. कान दोघांना लगेच वेगळे ओळखतो, आणि हळूहळू सरकण्याचा काळ दोन वादक लयीत चुकल्यासारखा ऐकू येतो. या जोडीसाठी सलग सरकणे माझ्या मते टाळावेच. त्याऐवजी पायरीपायरीने सरकावे, जसे १९७२ च्या ‘क्लॅपिंग म्युझिक’मध्ये बारा मात्रांची आकृती एकेका मात्रेने सरकते. किंवा त्याहून सोयीचे म्हणजे दोन वाद्यांना वेगवेगळ्या लांबीच्या आकृती द्याव्यात.

वेगळ्या लांबीचे गणित लघुतम साधारण विभाज्याचे आहे. पियानोची आठ आणि सॅक्सोफोनची नऊ मात्रांची आकृती एकत्र सुरू केल्या तर त्या ७२ मात्रांनी, म्हणजे १८ सेकंदांनी पुन्हा एकत्र येतात. आठ आणि सात घेतल्यास ५६ मात्रा, १४ सेकंद. आठ आणि बारा घेतल्यास अवघ्या २४ मात्रा, सहा सेकंद. श्रोता दोनदा ऐकून सगळे ओळखतो आणि पुढे काही उरत नाही. आठ आणि पंधरा घेतल्यास १२० मात्रा, ३० सेकंद. तालाची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला ही पुन्हा जुळण्याची जागा समेसारखी जाणवते, म्हणून ती फार दूर गेली तर ताण सुटतो आणि फार जवळ असली तर ताण निर्माणच होत नाही. या लयीत १४ ते ३० सेकंदांची मर्यादा व्यवहार्य वाटते.

दुसरे उपयुक्त तंत्र भरणीचे: ठरलेल्या लांबीची रिकामी चौकट घ्यायची आणि दर काही आवर्तनांनी एका विश्रांतीच्या जागी एक स्वर बसवायचा. तिसरे वाढीचे: आकृतीलाच एकेक स्वर जोडून ती लांबवत न्यायची, जसे अमेरिकन रचनाकार फिलिप ग्लास यांच्या १९६० च्या दशकाअखेरच्या रचनांत आहे. वाढीत आवर्तनाची लांबी सतत बदलते, त्यामुळे दोघांनाही एकच आकृती वाजवावी लागते आणि पियानोला सोबतीचा स्वतंत्र धागा उरत नाही. भरणीत ही अडचण येत नाही. संथ रचनेसाठी एस्टोनियन रचनाकार अर्व्हो पार्ट यांची टिंटिनाबुली पद्धत या जोडीला फार शोभते: सॅक्सोफोन लागोपाठच्या स्वरांवरून पायरीपायरीने चालतो आणि पियानो त्याच्या प्रत्येक स्वराला एकाच कॉर्डमधला जवळचा स्वर देतो. फक्त ‘जवळचा’ म्हणजे वरचा की खालचा याचा नियम आधी ठरवावा आणि मध्येच मोडू नये.

सावधान: एका भागात एकच प्रक्रिया चालू ठेवा. भरणी, सरकणे आणि खर्जाचा बदल हे तिन्ही एकदम सुरू केले की कोणताच बदल ऐकू येत नाही आणि रचना नुसतीच गजबजलेली वाटते.

५. आता स्वर बसवा

पियानोच्या उजव्या हाताची आठ मात्रांची आकृती अशी घेऊ: सी, एफ, जी, सी, ए, जी, डी, जी. सगळे स्वर मधल्या सीपासून त्यावरच्या ए पर्यंत असल्यामुळे हात हलवावा लागत नाही. सॅक्सोफोनची आकृती ऐकू येणाऱ्या स्वरांत: ए, सी, डी, ए, जी, सी, एफ आणि आठवी मात्रा रिकामी. वादकाच्या कागदावर ती एफ शार्प, ए, बी, एफ शार्प, ई, ए, डी अशी दिसेल. दोन्ही आकृती एकाखाली एक लिहिल्या तर एकाही मात्रेवर दोघांचा स्वर एक येत नाही, आणि ते मुद्दामच केले आहे. सॅक्सोफोनने पियानोचाच स्वर त्याच सप्तकात दुप्पट केला की सुरातला बारीकसा फरकही उघडा पडतो. सॅक्सोफोनची आकृती नऊ मात्रांची केल्यावर ७२ मात्रांच्या फेऱ्यात असे नेमके एकस्वर सहा वेळा येतात, प्रत्येक वेळी फक्त पाव सेकंद, आणि तेवढे सुसह्य आहे.

भरणीचा क्रमही ठरवून टाका. डावीकडून उजवीकडे एकेक स्वर भरत गेल्यास तिसऱ्या पायरीलाच श्रोता पुढचे सगळे ओळखतो. पहिली, सहावी, तिसरी, सातवी, चौथी, दुसरी, पाचवी असा क्रम ठेवल्यास प्रत्येक नवा स्वर आधीच्या स्वरांचा अर्थ बदलतो.

पाच स्वरांच्या संचाबाबत एक धोका आपल्याकडे विशेष आहे. एफला षड्ज मानले तर हे स्वर सा, रे, ग, प, ध होतात, आणि खर्जात एफ वाजू लागला की महाराष्ट्रातला कोणताही श्रोता भूप ऐकू लागतो. तो एकदा ऐकू आला की पुढची प्रक्रिया त्याला दिसत नाही. तो रागाची वाट पाहत बसतो. हाच धोका मूर्च्छनेच्या न्यायाने, म्हणजे त्याच स्वरांत षड्ज बदलून, उपयोगात आणता येतो. खर्जात डी ठेवला तर तेच पाच स्वर धानीसारखे, ए ठेवला तर मालकंसासारखे, सी ठेवला तर दुर्गेसारखे ऐकू येतात. वरची आकृती एका स्वरानेही न बदलता केवळ पियानोच्या डाव्या हाताने संपूर्ण रचनेचा रंग चार वेळा बदलतो. या शैलीत हार्मनी हळू बदलावी असे जे सांगितले जाते ते आपल्या कानाला इतक्या सहजपणे समजेल असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. क्रम डी, ए, सी, एफ असा ठेवावा, म्हणजे भूपाची ओळखीची छाया सर्वात शेवटी येते. पहिल्या भागात खर्ज देऊच नये; तिथे उजव्या हातात वारंवार येणारा सर्वात खालचा सी तात्पुरता आधार होतो आणि पुढे काय येणार हे गुलदस्त्यात राहते.

पडताळणी: मेट्रोनोम लावून सॅक्सोफोनची आकृती स्वतः गा आणि पियानोची आकृती हाताने ठोका. ठरवलेल्या जागी श्वास घेऊन दोन मिनिटे टिकता आले तरच पुढे जा. सॉफ्टवेअरचा प्लेबॅक या कामाला निरुपयोगी आहे. तो श्वास घेत नाही, थकत नाही आणि बेसूर होत नाही.

६. कालपट आखा

आडव्या कागदावर सेकंदांची रेघ ओढा आणि भाग बसवा. पहिल्या भागात भरणीच्या सात पायऱ्या, प्रत्येक पायरी आठ आवर्तनांची, आवर्तन दोन सेकंदांचे: ११२ सेकंद. दुसऱ्या भागात सॅक्सोफोनच्या आकृतीला आणखी एक मात्रा विश्रांती जोडून ती नऊ मात्रांची होते आणि पियानो आठवर राहतो. चार खर्ज, प्रत्येकावर १८ सेकंदांचे दोन फेरे: १४४ सेकंद. तिसऱ्या भागात पियानोच्या आकृतीतून दर सहा बारने एक स्वर गळतो आणि सात पायऱ्यांनंतर एकच स्वर उरतो: ८४ सेकंद. सॅक्सोफोन तिथे चार बार लांब स्वर धरतो आणि दोन बार थांबतो. एकूण ३४० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे ४० सेकंद.

तिसऱ्या भागात सॅक्सोफोनचा लांब स्वर ए ठेवायचा असेल तर पियानोच्या आकृतीतून सर्वात आधी ए काढावा. ऐकू येणारा एफ मात्र लांब धरू नये; तो वादकाचा स्टाफमधला लेखी डी असतो आणि बहुतेक आल्टोंवर तो चढा लागण्याकडे झुकतो.

७. लिहून काढा

स्कोअर ऐकू येणाऱ्या स्वरांत आहे की लेखी स्वरांत, हे पहिल्या पानावर ठळकपणे लिहावे. सॅक्सोफोनचा स्वतंत्र भाग नेहमी ट्रान्सपोज केलेला द्यावा. सॉफ्टवेअरमध्ये स्कोअर ऐकू येणाऱ्या स्वरांत दिसत असताना तसाच भाग छापला जाणे ही नेहमीची चूक आहे. तपासण्याची खूण सोपी आहे: आल्टोच्या की सिग्नेचरमध्ये पियानोपेक्षा तीन शार्प जास्त हवेत, म्हणजे पियानोला एक फ्लॅट असेल तिथे आल्टोला दोन शार्प.

आठ आणि नऊच्या भागात दोघांना वेगवेगळी टाइम सिग्नेचर देऊ नये. दोघांनाही ४/४ द्यावे आणि सॅक्सोफोनची आकृती बाररेषा ओलांडत जाऊ द्यावी. ७२ मात्रा म्हणजे बरोबर नऊ बार. आकृती जिथे नव्याने सुरू होते तिथे वर छोटी कंसखूण करावी, पण तिथे अ‍ॅक्सेंट द्यायचा की नाही हे स्वतंत्रपणे सांगावे, नाहीतर वादक आपोआप देतो.

दुहेरी रेषांमधल्या पुनरावृत्तीवर ‘८ वेळा’ असा आकडा दोन्ही भागांत लिहावा. श्वासासाठी चौथ्या आवर्तनात स्वर गाळायचे असतील तर ती पुनरावृत्ती चार-चार बारच्या गटात उलगडून लिहावी. पाने वाढली तरी चालतील. सॅक्सोफोनच्या भागात पियानोच्या खर्जाच्या बदलाची बारीक अक्षरातली खूण द्यावी. पान उलटण्याची जागा विश्रांतीत येते का हेही पाहावे.

८. तालीम

पहिली बैठक वाद्यांशिवाय करावी: दोघांनी टाळीने किंवा तोंडाने आपापली आकृती बोलावी. आठ आणि नऊचा फेरा असा दोनदा बिनचूक जमल्याशिवाय वाद्य हाती घेऊ नये. त्यानंतर लय क्वार्टर नोटला ८० ठेवून फक्त सांधे वाजवावेत, म्हणजे प्रत्येक पायरीचे शेवटचे आवर्तन आणि पुढच्या पायरीचे पहिले. सलग वादन सर्वात शेवटी.

चुकल्यावर परत कुठे भेटायचे हे आधीच ठरवावे. पियानोचे आवर्तन बारशी जुळलेले असल्यामुळे पियानोवादक आधार राहतो. नऊ बारच्या प्रत्येक फेऱ्याच्या सुरुवातीला तो मान हलवतो आणि चुकलेला सॅक्सोफोनवादक तिथूनच शिरतो. मधल्या मधे पकडण्याचा प्रयत्न दोघांनाही बुडवतो.

सूर जुळवणी वाद्य गरम झाल्यावर करावी, कारण थंड सॅक्सोफोन खाली लागतो आणि वाजवता वाजवता चढतो. शिवाय हळुवार वाजवताना तो चढण्याकडे आणि जोरात वाजवताना उतरण्याकडे कलतो, त्यामुळे तिसऱ्या भागात आवाज कमी करत नेताना वादकाने कान जागा ठेवायला हवा. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात पियानोचा साउंडबोर्ड (नाद मोठा करणारी लाकडी फळी) दमट हवेने फुगतो आणि पियानो स्वतःच चढतो. कार्यक्रमाच्या दिवशी त्याचा ए कुठे आहे हे मोजूनच माउथपीस आत-बाहेर करावे. माउथपीस फार सरकवावे लागले तर मोकळ्या फिंगरिंगचे स्वर बाकीच्यांपेक्षा जास्त हलतात. त्याच हंगामात एकाऐवजी तीन-चार रीड (माउथपीसवर लावायच्या वेताच्या पट्ट्या) वाजवून तयार ठेवाव्यात.

आवाजाचा तोल सभागृहाच्या मागच्या रांगेत ठेवलेल्या फोनच्या ध्वनिमुद्रणावरून ठरवावा. सॅक्सोफोन जड वाटल्यास पियानोचे झाकण आणखी उघडावे; पियानोवादकाला जोरात वाजवायला सांगू नये, कारण पाच मिनिटांच्या पुनरावृत्तीत ती मेहनत लयीत घाई बनून बाहेर येते. हेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी स्कोअर न पाहता ऐकावे आणि लक्ष जिथे भरकटले ती वेळ सेकंदांत टिपून ठेवावी. त्या जागी नवे स्वर घालण्याचा मोह होतो. आधी पुनरावृत्तीचा आकडा आठवरून सहावर आणून पाहावा, किंवा तुटक वाटत असेल तर बारावर न्यावा. बदललेला आकडा चारने भागला जात नसेल तर श्वासाची जागा हलते, म्हणून तिथल्या खुणा पुन्हा तपासाव्यात आणि दुरुस्ती स्कोअरसोबत दोन्ही भागांत त्याच दिवशी करावी.